काउंटरवरची वर्षं आणि आयटीवाल्यांचा 'गॅप'

पुण्यात आयटीच्या फ्रेशर जॉबची कुठलीही जाहिरात उघडा, खाली एक ओळ ठरलेली असते. दहावी, बारावी, ग्रॅज्युएशन, तिन्हीकडे ६० टक्के 'थ्रूआउट', आणि गॅप, म्हणजे शिक्षण-नोकरीशिवाय मधे गेलेला काळ, एक वर्षापेक्षा जास्त नको. काही ठिकाणी तर सरळ बीई, बीटेक, एमसीए ओन्ली. आता माझं बघा. दहावीला ५१, बारावी कॉमर्स ५६, मग वडिलांचं आजारपण, मग लग्न, मग मॉलमध्ये बिलिंग काउंटर, आणि बीए केलं ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात जाऊन. म्हणजे त्या एका ओळीत जेवढ्या वेळा बाद होता येतं तेवढ्या वेळा मी बाद. तरी आज खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मधे काय काय झालं ते लिहितेय, कारण टेस्टिंगच्या कोर्सबद्दल सगळे बोलतात पण कोर्स संपल्यावर जे कागदांचं आणि फोनाफोनीचं चालतं त्याबद्दल कोणी धड सांगत नाही.

आम्ही येरवड्याला राहतो. नवरा रिक्षा चालवतो, मुलगा तेव्हा बालवाडीत होता, सासूबाई घरी. एमएससीआयटी माझी आधीच झालेली, ती काय आपल्याकडे घरटी एकाची तरी झालेलीच असते, सरकारी भरतीला लागते म्हणून करून ठेवायची. त्यातून आयटीत जाता येतं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. काउंटरवर शेजारी बसणाऱ्या मुलीचा भाऊ टेस्टिंग करायचा, त्याच्याकडून कळलं की सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे आणि ते चालतंय का बघणारे वेगळे, आणि बघणाऱ्याला कोडिंग आलंच पाहिजे असं सुरुवातीला तरी नसतं.

आधी गेले ते एका पैसे घेणाऱ्या क्लासमध्ये, चौकशीला. एसी ऑफिस, भिंतीवर प्लेसमेंट झालेल्या पोरांचे फोटो आणि खाली पॅकेज. फी पंचेचाळीस हजार, हप्त्याने चालेल म्हणाले. काउन्सेलर एकदम गोड बोलणारा, सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, खरं सांगू का, फ्रेशरला सध्या मार्केटच नाही, आपण तुम्हाला तीन वर्षांच्या एक्स्पीरियन्सवर टाकू. ऑफर लेटर, पे स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं आपल्याकडून, फक्त त्याचे वेगळे द्यावे लागतील." मी विचारलं कंपनी कुठली, तर बेंगळुरूची कुठलीतरी. मग त्यानेच विचारलं, "तुमचा पीएफ कधी कापलाय का?" म्हटलं हो, मॉलमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून कापायचे की. त्याचा चेहरा पडला. "मग जरा अडचण आहे."

अडचण काय ते मला नंतर कळलं. यूएएन म्हणजे पीएफचा जो बारा आकडी नंबर असतो तो माणसाला एकच, कंपनी बदलली तरी तोच. त्याखाली कुठे कधी लागलात आणि कधी सोडलंत सगळं दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले, म्हणजे कंपनीसाठी तुमची माहिती खरी का ते तपासणारे, बऱ्याचदा पहिलं तेच उघडतात. आता एकाच तीन वर्षांत मी येरवड्याहून रोज मॉलला पण जात होते आणि बेंगळुरूत सॉफ्टवेअर पण टेस्ट करत होते, हे कसं जमणार. गंमत अशी की ज्या पीएफमुळे त्या माणसाने मला बाद केलं त्याच पीएफने पुढे माझं काम झालं, ते सांगतेच.

मोफत बॅचचा पत्ता आशाताईंकडून लागला, म्हणजे आमच्या वस्तीत लसीकरणाला येतात त्या ताई. एक संस्था आहे (नाव घालत नाही, त्यांना विचारलेलं नाही), ती कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना सहा महिने सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवते आणि पुढे नोकरीला मदत करते. उत्पन्नाचा दाखला द्या, छोटी गणिताची परीक्षा द्या, आणि मग घरी येऊन घरच्यांशी बोलतात. हे घरी येणं मला तेव्हा आगाऊपणा वाटला होता. आता वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, कारण सासूबाईंना संस्थेच्या मॅडमनी समोर बसून सांगितलं की सहा महिने घरात पैसा कमी येईल, पोराला तुम्हाला सांभाळावं लागेल, जमत असेल तरच पाठवा. सासूबाई म्हणाल्या विचार करते, आणि चहा टाकायला उठल्या. म्हणजे हो.

फ्री कोर्स फ्री नसतो हे मात्र ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या प्रत्येकीला मी सांगते. फी शून्य, पण माझा महिन्याचा तेरा हजार पगार बंद झाला, मी फक्त शनिवार-रविवार काउंटरवर उभी राहायचे. बॅचमध्ये एक पोरगा रात्री दोनपर्यंत जेवणाच्या ऑर्डरी पोचवून सकाळी नऊला क्लासला यायचा, मागच्या बाकावर डोळे मिटायचे त्याचे. एक सिक्युरिटी गार्ड होता, एक पायाने अधू असलेले दादा होते जे पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात होते, दोन मुली मुलींच्या वसतिगृहातून यायच्या. डिलिव्हरीवाला पोरगा मधेच सुटला. हुशार होता, माझ्यापेक्षा एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) त्याला लवकर कळायचं, पण घरभाडं त्याच्यावर होतं. अशांना महिन्याला थोडा स्टायपेंड दिला तर ते टिकतील असं माझं मत आहे आणि मी ते संस्थेत बोलून पण दाखवलं.

शिकवायला सर होते, आयटीत पंचवीस वर्षं काढून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे, बोलण्यात "आरं" यायचं. त्यांनी पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर चालूच केला नाही. वहीत लिहायला लावलं. ५०० रुपयांच्या खरेदीवर कूपन चालतं, तर तुम्ही काय काय तपासाल? वर्ग गप्प. मी म्हटलं ४९९ ला, बरोबर ५०० ला, आणि ५०१ ला. कारण ४९९ वर भांडणारी गिऱ्हाईकं मी रोज बघितलेली, "एक रुपयासाठी काय अडवताय" म्हणणारी. सर म्हणाले याला बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात, चुका बहुतेक सीमेवरच सापडतात, आणि तुला हे कोणी शिकवलं? मला काय बोलावं ते सुचलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना जरा ताठ चालले असेन.

बाकी अभ्यासाचं थोडक्यात. टेस्ट केस लिहिणं, जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बग म्हणजे सापडलेली चूक नोंदवणं, सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीतला फरक (कंपनीच्या लोगोत स्पेलिंग चुकलं तर बिघडत काहीच नाही पण दुरुस्ती आजच्या आज पाहिजे, असं उदाहरण सरांनी दिलेलं), एसक्यूएल, पोस्टमन नावाच्या टूलवर एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात तो मार्ग) तपासणं, शेवटी थोडं लिनक्स. एसक्यूएलमध्ये दोन तक्ते जोडायच्या लेफ्ट जॉइनवर बॅचमधले अर्धे अडकले. लॅपटॉप दोघांत एक, आणि घरी न्यायला परवानगी नाही, म्हणून घरी मोबाईलवर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघायचे, त्यात मराठी आवाजातले पण आहेत. पोरगा झोपला की एक कानात इअरफोन, दुसरा कान पोराकडे.

इंग्रजीचा मला सगळ्यात जास्त धाक होता. मराठी मीडियम, आणि काउंटरवर "कॅरी बॅग, सर?" एवढंच इंग्रजी. क्लासमध्ये रोज सकाळी उभं राहून इंग्रजीत तीन वाक्यं बोलायची, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. कंपन्यांमध्ये स्टँडअप मीटिंग असते तीच. पहिल्या दिवसांत माझं तिसरं वाक्य रोज एकच असायचं, नथिंग. कारण कुठे अडलंय ते इंग्रजीत सांगण्यापेक्षा अडलेलंच बरं वाटायचं. मॅडमनी ते पकडलं आणि अडलेलं मराठीत सांगायला परवानगी दिली, मग हळूहळू जमलं. आजही माझं इंग्रजी फाडफाड नाहीये, पण बग रिपोर्ट लिहायला फाडफाड लागतच नाही, छोटी आणि सरळ वाक्यं लागतात.

आता प्लेसमेंट. याबद्दल मला जास्त सांगायचंय.

रेझ्युमे करायच्या वेळी सरांचं म्हणणं होतं मॉलचं काढून टाक, आयटीवाले ते बघत नाहीत, स्किल्स वर टाक आणि प्रोजेक्ट टाक. प्लेसमेंटच्या मॅडम, त्या पूर्वी एका कंपनीत एचआर होत्या, त्यांनी माझा कागद बघितला आणि विचारलं, बारावीनंतर एवढी वर्षं घरी बसली होतीस? म्हटलं नाही हो, काउंटरवर होते. मग हे कुठंय? आणि त्यांनी ते सगळ्यात वर घ्यायला लावलं, 'पॉइंट ऑफ सेल सॉफ्टवेअरवर रोजचं काम, बिल होल्ड, रिटर्न, कूपन, दिवसअखेर कॅश जुळवणी.' एक शब्द खोटा नाही. सर आणि मॅडमची यावरून आमच्यासमोर थोडी वाजली पण. सर म्हणाले गेटवरच फेकतील. मॅडम म्हणाल्या मग गेटवर मी बोलते.

आणि त्या खरंच बोलायच्या. पोर्टलवरून अर्ज केला की माझा अर्ज टक्केवारीवर आपोआप गळायचा, माणसापर्यंत पोचायचाच नाही. मॅडम पोर्टलच्या नादाला न लागता कंपनीतल्या माणसाला फोन लावायच्या. त्यांचं हत्यार होतं अप्रेंटिसशिप, म्हणजे स्टायपेंडवर ठरावीक काळ कामावरच शिकायचं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे ज्यांच्याकडे ३० किंवा जास्त लोक कामाला आहेत त्यांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. वर केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार द्यायचं. मॅडम फोनवर म्हणायच्या, तुम्हाला घ्यायचेच आहेत ना, मग टक्के न बघता माझे चार जण एकदा समोर बसवून बघा, नाही आवडले तर चहा पाजून परत पाठवा. पर्मनंटला जो ६० टक्क्यांचा नियम कंपनीने स्वतःच घातलेला असतो तो अप्रेंटिसला बऱ्याच ठिकाणी लावत नाहीत. हा दरवाजा असतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाले, टर्नर-फिटर, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्या, एवढंच डोक्यात.

लगेच काही झालं नाही. एका ठिकाणी पहिलाच प्रश्न, मूल लहान आहे, उशिरा थांबावं लागलं तर? हा प्रश्न माझ्या बॅचमधल्या एकाही पुरुषाला विचारला गेला नाही, दोघांना माझ्या मुलाएवढीच मुलं होती. एका ठिकाणी काम चांगलं होतं पण रोटेशनल शिफ्ट, रात्रीची पण. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. एचआरने संमतीचा फॉर्म आणि कॅब दोन्ही आहे म्हणून सांगितलं. घरी नवरा बघू म्हणाला, सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, मग रात्री म्हणाल्या, २००७ ला त्या बीपीओतल्या पोरीचं काय झालं आठवतंय का, ती पण कंपनीच्याच गाडीत होती. कंपनीच्या गाडीने कामावर निघालेल्या त्या पोरीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, पुण्यातल्या एका पिढीच्या डोक्यातून ते जाणार नाही. मी 'नाही' म्हणून कळवलं. हिंजवडीचं एक आलेलं ते पण सोडलं, येरवड्याहून बसने जाऊन-येऊन दिवसच संपतो, पोराचं तोंड रविवारी बघावं लागलं असतं.

खराडीच्या कंपनीत इंटरव्ह्यूला पहिल्या राउंडला ठरलेला प्रश्न, लिफ्ट कशी टेस्ट कराल. ते पाठच होतं, म्हणून टाकलं, समोरच्यालाही माहीत होतं मी पाठ म्हणतेय. मग मॅनेजर आत आले, रेझ्युमे वाचला आणि विचारलं, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर कुठे कुठे चुकायचं?

अहो, हे विचारायला मला इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं.

मी सांगितलं, सुट्या भाजीला वजनकाट्यावर जो स्टिकर निघतो त्याचा बारकोड २ ने सुरू होतो, त्यातच वस्तूचा कोड आणि वजन किंवा किंमत कोंबलेली असते. सकाळी भाव बदलला आणि काट्याला तो पोचला नाही तर स्टिकरवर एक किंमत आणि बिलावर दुसरी. गिऱ्हाईक भांडतं काउंटरवरच्या बाईशी. दुसरं, बिल होल्डवर टाकून परत उघडलं की कधीकधी कूपन दोनदा लागायचं. पण कधीकधीच का, ते मी शोधून काढलेलं, मधे दुसऱ्या बिलालाही तेच कूपन लावलं असेल तरच. तिसरं, एकावर एक फ्रीमधली पैशाची वस्तू गिऱ्हाईक परत करतं आणि फुकटची ठेवून घेतं, आमचं सॉफ्टवेअर खुशाल पूर्ण पैसे परत द्यायचं. चौथं, यूपीआयला पैसे कापले जातात पण मशीन टाइमआउट होतं, मग बिल पेंडिंग आणि रांग दारापर्यंत. मॅनेजर लिहून घ्यायला लागले. ते स्वतः रिटेलच्या क्लायंटचंच काम बघायचे हे मला नंतर कळलं. म्हणाले ते कूपनवालं पायऱ्या-पायऱ्यांनी बोर्डवर लिहा. मी इंग्रजीत लिहिलं, दोन स्पेलिंग चुकली असतील, कोणी काढली नाहीत.

निवड झाली आणि मग कागदांनी छळलं. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नाव पण वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. माझ्या मार्कशीटवर एक बाई, आधार-पॅनवर दुसरी, आणि पीएफला तिसरीच, कारण कॉन्ट्रॅक्टरने आडनाव नवं आणि मधलं नाव जुनं टाकलेलं. विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून वाचले, राजपत्रात नावबदल पण करून घेतला. वर पीएफमध्ये मॉल सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, म्हणजे सरकार दरबारी मी अजून काउंटरवरच उभी. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. शेवटी मॅडमनीच सांगितलं की २०२० पासून ती तारीख आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते, शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिने गेले की. टाकली, ओटीपी आला, झालं. व्हेरिफिकेशनच्या रिपोर्टमध्ये मॉलची सगळी वर्षं महिन्यानिशी आली आणि 'गॅप' या रकान्यात चक्क काही नाही असं लिहून आलं. तो गोड बोलणारा काउन्सेलर मला तेव्हा फार आठवला.

२०१९ च्या नियमांप्रमाणे अप्रेंटिस पदवीधर असेल तर तेव्हा किमान ९,००० द्यावे लागायचे, कंपनीने मला चौदा हजार दिले. घरच्यांना वाटतं आयटी म्हणजे लाखात, मी सांगितलं मॉलपेक्षा हजार जास्त, शेजारच्या काकू हसल्याच. आणि एक लक्षात ठेवा, अप्रेंटिस कायद्याखाली असताना पीएफ कापत नाहीत, म्हणजे ते वर्ष यूएएनमध्ये दिसत नाही, त्याचा करार आणि सर्टिफिकेट जपून ठेवायचं, लॅमिनेट करू नका फक्त. वर्ष संपलं की कंपनीने घ्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाही, आमच्या बॅचमधून घेतलेल्या चौघांतले दोघे राहिले. झेरॉक्सवाले दादा आणि मी. गेलेल्या दोघांपैकी एकीला लगेच दुसरीकडे लागलं, गार्ड होता तो परत गार्ड आहे, रात्री केबिनमध्ये सिलेनियम (टेस्ट आपोआप चालवायचं टूल) शिकतोय म्हणतो.

पर्मनंट लेटरवर २ लाख ४० हजार होतं. वीस हजार महिना म्हणून मी हिशोब करून बसले तर हातात सोळाच्या आसपास. कारण कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय (कामगार विमा) सगळं त्या २ लाख ४० मध्येच मोजलेलं असतं. क्लासच्या भिंतीवरच्या फोटोखाली जे पॅकेज लिहितात ते हेच, हातातलं कधीच नाही. एक बरं, २०२३ च्या एप्रिलपासून बायकांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही, दादांचे महिन्याचे दोनशे जातात, माझे नाही, त्यावरून ते मला चहा पाजायला लावतात.

आता थोडा वाढलाय पगार, आणि ऑटोमेशन (प्रोग्रामने आपोआप टेस्ट करणं) शिकतेय कारण नुसत्या मॅन्युअलवर, म्हणजे हाताने टेस्ट करण्यावर, पुढे भागणार नाही हे दिसतंय. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटची फाउंडेशन परीक्षा द्यायचीय, ४० प्रश्न, ६५ टक्क्यांना पास, आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर साठ मिनिटांवर पंधरा मिनिटं जादा मिळतात, फॉर्म भरताना ते सांगायला लागतं. फीचे पैसे कंपनी पास झाल्यावर परत देते. काउंटरवरच्या त्या शेजारच्या मुलीला पुढच्या बॅचला घातलंय, तिची दहावी ४४ टक्के. तिच्या पीएफमध्ये पण सोडल्याची तारीख नाहीये आणि जन्मतारीख पण चुकलीय, या शनिवारी बसणार आहोत दोघी त्याला.